‘दोन्ही विंडोजवर चालतं’ म्हणाले तरी डेटाचं काय, ते आधी लेखी विचारा

गोव्यातल्या साखळी गावच्या दादांनी लिहिलंय की फार्मसीच्या काउंटरवर विंडोज ७ चे दोन पीसी आहेत, आत ऑफिसात नुकताच विंडोज ११ चा घेतलाय, आणि बिलिंग सॉफ्टवेअरवाले सांगतात, ‘जुन्यालाही सपोर्ट आहे, नव्यालाही आहे, बिनधास्त घाला.’ हेच वाक्य मी म्हापशात आमच्या फार्मसीत बसून फोनवर ऐकलं होतं. म्हणून लिहायला बसले. थोडं लांबेल.

पीसी कुठला, रॅम किती, हे तुम्ही बघितलंच असेल. ते सोडते.

आमचा घात एका बटणाने झाला. आमच्याकडेही दोन जुने पीसी आणि एक नवा. सगळे एकाच शेअर केलेल्या फोल्डरमधला डेटा वाचायचे आणि तो फोल्डर होता काउंटरवरच्या जुन्या मशीनवर. नव्या पीसीवर मी बिलिंग सॉफ्टवेअरची नवी आवृत्ती टाकली आणि त्याच फोल्डरचा पत्ता दिला. पडद्यावर विचारणा आली, डेटा अपग्रेड करायचा का? मी ‘होय’ दाबलं. शुक्रवार होता, बाजाराचा दिवस, सकाळचे साडेदहा. पाच मिनिटांत काउंटरवरून हाक आली, ‘ताई, बिल निघत नाही!’ दोन्ही जुन्या मशीनवर एकच ओळ दिसत होती: ही फाईल नव्या आवृत्तीत तयार झालेली आहे. बाहेर पायऱ्यांपर्यंत माणसं उभी, त्यात इन्सुलिन न्यायला आलेले एक आजोबा. त्या दिवशी सगळी बिलं हाताने लिहिली.

बॅकअप होता, पण नऊ दिवसांपूर्वीचा. तो जुन्या मशीनवर परत घातला आणि मधल्या नऊ दिवसांची बिलं नव्या पीसीच्या पडद्यावर बघून एकेक करत पुन्हा भरली, बॅच नंबर आणि एक्सपायरीसकट. तीन रात्री गेल्या. शेड्यूल एच १ चं रजिस्टर (काही अँटिबायोटिक्ससारख्या औषधांच्या विक्रीची वेगळी नोंद) आम्ही वहीत ठेवतो म्हणून ते तरी शाबूत राहिलं. ती नोंद ३ वर्षं सांभाळावी लागते, हे तुम्हाला सांगायला नकोच.

पण खरा मनस्ताप झाला तो सॉफ्टवेअर कंपनीच्या मदत कक्षाचा. चार फोन केले आणि चार वेगळे तक्रार क्रमांक मिळाले. एकाने सांगितलं, जुनी आवृत्ती चालू आहे, तुमच्या नेटवर्कचा दोष आहे. दुसऱ्याने सांगितलं, सगळे पीसी बदला. शेवटी मेलवर उत्तर आलं की जुनी आवृत्ती फक्त जुन्या पद्धतीचा डेटा वाचते आणि एकदा बदललेला डेटा मागे नेता येत नाही. ही एक ओळ विकताना सांगितली असती तर आमचे ते दिवस वाचले असते. याचा राग मला आजही आहे.

जुन्या विंडोजला कंपनी जन्मभर धरून बसणार नाही, हे मला मान्य आहे. मायक्रोसॉफ्टनेच विंडोज ७ चे नेहमीचे अपडेट १४ जानेवारी २०२० ला थांबवले आणि विंडोज १० चे १४ ऑक्टोबर २०२५ ला. दोन्हीकडे प्रत्येक बदल तपासून बघायचा म्हणजे त्यांनाही दुप्पट काम. पण मग ‘सपोर्ट’ म्हणजे फोन उचलणं, की दुरुस्ती करून देणं, ते स्पष्ट सांगा ना! २२ सप्टेंबर २०२५ पासून बहुतेक औषधांवरचा जीएसटी १२ वरून ५ टक्क्यांवर आला. असा बदल जुन्या आवृत्तीत ते करून देतात, की तुम्हाला एकेक आयटम उघडून बदलायला लावतात, यावरूनच सपोर्ट किती खरा ते कळतं.

तेव्हा मेलवर विचारा: दोन्ही आवृत्त्या एकाच वेळी एकच डेटा उघडतील का? बदललेला डेटा परत जुन्यात जाईल का? जुनीला कराचे बदल कोणत्या तारखेपर्यंत मिळतील? फोनवरच्या शब्दावर जाऊ नका. उत्तर येईपर्यंत नव्या पीसीला खऱ्या फोल्डरचा पत्ता देऊच नका. फोल्डरची नक्कल नव्या पीसीवर घ्या आणि तिच्यावरच आठवडाभर खेळून बघा.

मी संगणकातली जाणकार नाही, दुकान चालवते. तुमचं सॉफ्टवेअर वेगळं असेल तर त्याची रीतही वेगळी असू शकेल. तरी माझं स्पष्ट मत विचाराल तर दोन आवृत्त्या शेजारी-शेजारी चालवू नका. तिन्ही पीसी एकाच दिवशी बदला, आणि तो दिवस रविवारचा ठेवा. चतुर्थीच्या आठवड्यात तर मुळीच नको.

खर्च आत्ता झेपत नसेल तर विंडोज ७ ची मशीनं फक्त बिलिंगला ठेवा आणि त्यांना इंटरनेट देऊ नका. क्रोम ब्राउझरची त्यावर चालणारी शेवटची आवृत्ती १०९, तीही आता जुनी झाली, त्यामुळे बँक आणि जीएसटीची कामं नव्या पीसीवरच करा. आणि बिलाचा प्रिंटर जुना, जाड पॅरलल केबलचा असेल तर नव्या पीसीला मागे ते भोक आहे का ते आजच बघा. आमच्याला नव्हतं. यूएसबीची जोडकेबल आणली तर अर्धं बिल छापून प्रिंटर थांबायचा. शेवटी प्रिंटरही नवा घ्यावा लागला.

त्यांचं उत्तर आलं की इथे लिहा. त्यात ‘अपग्रेड’ हा शब्द कुठे दिसला तर काही दाबायच्या आधी विचारा, मी रात्री नऊनंतर असते.