आईला सीओपीडी (श्वासनळ्या अरुंद होऊन कायमचा दम लागण्याचा फुप्फुसांचा आजार) आहे. छातीचे डॉक्टर चालायला सांगतात, मामा म्हणतात आराम करू द्या. तिला चालायला लावावं की आराम करू द्यावा? दम कमी व्हायला कोणता प्राणायाम चांगला?

चालायला लावा. छातीच्या डॉक्टरांनी चालायला सांगितलेलं असताना मामांच्या शब्दाखातर आईंना बसवून ठेवलंत, तर पुढे बाथरूमपर्यंत जायलाही त्यांना कुणाचा तरी हात लागेल. "दम लागतोय ना तिला, मग कशाला आणखी दमवता?" हे वाक्य फुप्फुसांच्या फिजिओथेरपीत काम करणाऱ्या प्रत्येकाने ऐकलेलं असतं, आणि ते नेहमी घरातल्या सगळ्यात मायाळू माणसाकडून येतं. त्यामुळे त्याला उत्तर देणंही अवघड जातं. म्हणून जरा सविस्तर लिहितोय. प्राणायामाचं पुढे सांगतो, या दुखण्यात तो दुय्यम आहे.

तुम्ही दिलेली माहिती अशी: वय 63, विडी-सिगारेट कधीच नाही, आयुष्यभर चुलीवर स्वयंपाक, वजन 43 किलो, त्यातही वर्षात 5 किलो उतरलेलं. सहा मिनिटं चालण्याच्या चाचणीत 240 मीटर, रक्तातला ऑक्सिजन 94 टक्क्यांवरून 89 वर. एवढ्यावरून बरंच ठरवता येतं.

विडी न ओढता हा आजार कसा झाला, असं मामा विचारतात. चुलीच्या धुराने झाला. पुण्याचे डॉ. संदीप साळवी आणि लंडनचे डॉ. पीटर बार्न्स यांनी 2009 मध्ये 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात याच विषयावर लिहिलंय: धूम्रपान न करणाऱ्यांचा सीओपीडी आणि त्यात लाकूड-शेणीच्या धुराचा वाटा. अंघोळीचं पाणी अजून चुलीवर तापत असेल तर ते आधी बंद करा. धूर चालू ठेवून बाकी काहीही केलंत तरी हाती फारसं लागणार नाही.

आता दम का लागतो ते. आजार फुप्फुसात आहे हे खरं, पण चालताना लागणाऱ्या दमाचा मोठा भाग मांड्यांतून येतो. दम लागतो म्हणून माणूस बसतो, बसल्याने मांडीचे स्नायू रोडावतात, आणि रोडावलेला स्नायू थोड्याशा कामातही लॅक्टिक ॲसिड तयार करायला लागतो. ते निस्तरताना शरीरात कार्बन डायऑक्साइड वाढतो, तो बाहेर टाकायला श्वास वाढतो. म्हणजे काल ज्या चार पायऱ्यांनी दम लागत नव्हता, त्याच चार पायऱ्यांनी आज लागतो, फुप्फुस तसूभरही बिघडलेलं नसताना. अमेरिकेतले संशोधक रिचर्ड कॅसाबुरी आणि सहकाऱ्यांनी 1991 मध्ये हे नीट मोजून दाखवलं: सीओपीडीच्या रुग्णांना सायकलवर तयार केल्यावर तेवढ्याच कामाला रक्तातलं लॅक्टिक ॲसिड कमी झालं आणि श्वासाची गरजही कमी झाली.

दुसरी गोष्ट हवा अडकण्याची. या आजारात श्वास आत जातो, बाहेर पडताना नळ्या मिटतात. चालताना श्वासाचा वेग वाढला की उच्छ्वासाला वेळ पुरत नाही, प्रत्येक श्वासागणिक थोडी हवा आत राहते, छाती फुगलेलीच राहते आणि नव्या श्वासाला जागा उरत नाही. "श्वास आत जातच नाही" असं पेशंट म्हणतात तेव्हा खरं तर आधीची हवा बाहेर आलेली नसते. म्हणून शिकवायचं ते सोडायला: नाकाने दोन आकडे मोजत घ्या, ओठांचा चंबू करून चार आकडे मोजत सोडा. गरम चहावर फुंकर घालतो तितकंच हलकं, फुंकणीसारखा जोर लावायचा नाही, कारण जोर लावला की नळ्या आणखी मिटतात. बसल्या जागी आठवडाभर हा सराव झाला की चालण्याला जोडायचा: दोन पावलांत घ्या, चार पावलांत सोडा.

तुमच्या आईंचा हिशेब. 240 मीटर भागिले 6, म्हणजे मिनिटाला 40 मीटर. सुरुवात त्याच्या 80 टक्क्यांनी करतात, म्हणजे मिनिटाला 32 मीटर. हे घरी मोजायला सोपं आहे. ओसरीत, गच्चीवर किंवा पॅसेजमध्ये 10 मीटर अंतर खडूने आखा आणि ते साधारण 19 सेकंदांत कापायला सांगा. दोन्ही टोकांना वळताना घाई नको, आणि एका टोकाला खुर्ची हवीच.

पहिला आठवडा: 2 मिनिटं चालणं, 1 मिनिट उभ्याने थांबणं, असं 5 वेळा. दुसरा: 3 मिनिटं चालणं, 1 थांबणं, 4 वेळा. तिसरा: 5 मिनिटं, 3 वेळा. चौथ्या आठवड्यात 20 मिनिटं, मध्ये एकच थांबा. तिथून दर आठवड्याला थोडं थोडं वाढवत आठव्यापर्यंत 30 मिनिटं. आठवड्यातून 5 दिवस. आधी वेळ वाढवा, वेग नंतर. दोन्ही एकदम वाढवू नका. एखादा आठवडा जमला नाही तर तोच पुन्हा करा.

किती दम चालेल, हा खरा प्रश्न, आणि इथेच घरचे घाबरतात. दमाला 0 ते 10 गुण द्यायचे: 0 म्हणजे अजिबात नाही, 10 म्हणजे आता सहनच होत नाही. चालताना 4 च्या आसपास यायलाच हवा. त्या छोटं वाक्य बोलू शकतील, पण अभंग म्हणू शकणार नाहीत, इतपत. 2 वर रेंगाळत फेऱ्या मारल्या तर स्नायूंवर फारसा परिणाम होत नाही. दम लागणं म्हणजे फुप्फुसाला इजा होणं नव्हे. थांबल्यावर पाचेक मिनिटांत श्वास पूर्ववत झाला, तर ते चालणं योग्य होतं. दम जास्त चढला तर खुर्चीत बसून पुढे झुकायचं, कोपरं मांड्यांवर टेकवायची आणि चंबूने सोडत राहायचं. आडवं झोपवू नका, पाठीवर थापट्या मारू नका, पाच जणांनी गराडा घालू नका.

डॉक्टरांनी लवकर आराम देणारा इनहेलर लिहून दिला असेल तर चालण्याआधी 10–15 मिनिटं तो घ्यायचा का, हे त्यांनाच विचारा. बहुतेक वेळा हो म्हणतात. पण तो नीट घेतला जातोय का ते स्वतः उभं राहून बघा. पंपाचा असेल तर हलवून, स्पेसर (पंपाला जोडायची प्लॅस्टिकची पोकळ नळी) लावून, सावकाश ओढायचा. कॅप्सूल फोडून घ्यायचा पावडरचा असेल तर उलट, जोरात आणि खोल ओढायचा, आणि त्यात श्वास सोडायचा नाही, नाहीतर पावडर ओली होते. दोन्हींत ओढल्यावर 10 सेकंद श्वास धरायचा. दोन प्रकारचे इनहेलर असले की हमखास गल्लत होते: पंप जोरात ओढला जातो, पावडर हळू. स्टेरॉइडच्या इनहेलरनंतर चूळ भरायची.

ऑक्सिमीटर बोटाला लावून चालू नका, हात हलला की आकडा चुकतो. थांबा, हात छातीशी धरा, पंधरा सेकंद स्थिर राहा, मग वाचा. नेलपॉलिश नको, बोटं गार असतील तर आधी चोळून गरम करा. सगळ्यात कमी आकडा बऱ्याचदा थांबल्यानंतरच्या अर्ध्या मिनिटात दिसतो. 88 च्या खाली गेला तर त्या दिवशी थांबा, आणि हे वारंवार झालं तर चालताना ऑक्सिजन लागेल का हे डॉक्टरांना विचारा. चाचणीत 89 पर्यंत गेला होता, म्हणून पहिले दोन आठवडे प्रत्येक थांब्यावर बघाच. त्यानंतर दिवसभर बोटाला चिमटा लावून बसायची सवय मोडा.

वेळ सकाळी सहाची नको. थंडीत गावात त्या वेळी शेकोट्या आणि पाचोळ्याचा धूर खाली साचलेला असतो. दहानंतर किंवा संध्याकाळी चार-पाचला चालवा, जेवणानंतर दीड तास गेल्यावर.

चालण्याइतकंच महत्त्वाचं म्हणजे ताकद, आणि ती सगळेच विसरतात. एक दिवसाआड, आठवड्यातून तीनदा. बिनहाताची, साधारण 45 सेंटीमीटर उंचीची खुर्ची भिंतीला टेकवून ठेवा. हात छातीवर दुमडून उठायचं, बसायचं. उठताना श्वास सोडायचा. 8 वेळा, दोन मिनिटं विश्रांती, पुन्हा 8. जमत नसेल तर बसायच्या जागी गोधडीची घडी टाकून उंची वाढवा. 12-12 चे तीन संच सहज व्हायला लागले की पोटाशी एक किलोची पिशवी धरून. मग कठडा धरून सगळ्यात खालच्या पायरीवर चढ-उतार, आणि ओट्याला धरून टाचा उचलणं. हातांसाठी अर्ध्या लिटरच्या पाण्याने भरलेल्या दोन बाटल्या, खांद्याच्या वर 8–10 वेळा. हे लागतंच, कारण हात वर केले की मानेचे आणि खांद्याचे जे स्नायू श्वासाला मदत करत असतात ते दुसऱ्या कामात गुंततात. म्हणूनच वेणी घालताना आणि कपडे वाळत टाकताना त्यांना जास्त दम लागतो. कष्टाच्या क्षणी श्वास सोडायचा, कोंडायचा नाही, हा नियम घागर उचलतानाही पाळा.

43 किलो वजनावर नुसता व्यायाम लादला तर स्नायू आणखी झिजेल. दिवसाला साधारण 50 ग्रॅम प्रथिनं लागतील. एका अंड्यात 6, घट्ट वरणाच्या वाटीत 6–7, मूठभर शेंगदाण्यांत 7, पेलाभर दुधात 6–7. दूध-दही-केळी कफ करतात म्हणून बंद केलं असेल तर पुन्हा सुरू करा. त्याने फुप्फुसात कफ तयार होत नाही, फक्त माणूस वाळतो. पोट गच्च भरलं की दम लागतो, म्हणून थोडं थोडं पाच-सहा वेळा द्या.

आता प्राणायाम. कपालभाती आणि भस्त्रिका नको. जोराचा उच्छ्वास नळ्या मिटवतो आणि वेग हवा अडकवतो. या आजारात ज्या दोन गोष्टी टाळायच्या त्या दोन्ही त्यात आहेत. श्वास कोंडून धरायचा कुंभकही नको. कुंभक न करता अनुलोम-विलोम आणि भ्रामरी चालेल, मन शांत होतं, उच्छ्वास लांबतो. पण ते चालण्याच्या जागी करू नका. पाटावर बसून मांडी तयार होत नाही.

आणि ते श्वास ओढून चेंडू वर उचलायचं तीन चेंडूंचं यंत्र. तुमच्याकडेही असेलच. छातीच्या प्रत्येक पेशंटच्या हातात ते देऊन "फिजिओथेरपी झाली" म्हणणाऱ्यांशी माझा जुना वाद आहे आणि तो मी इथेही घालणार. ते ऑपरेशननंतर दुखतं म्हणून उथळ श्वास घेणाऱ्यांसाठी आहे, श्वास आत ओढायला लावणारं. सीओपीडीत अडचण बाहेर सोडण्याची, तिथे आधीच फुगलेल्या छातीत आणखी हवा भरून काय मिळणार? चेंडू वर गेला की घरच्यांना बरं वाटतं, पेशंट मात्र खाटेवरून उठत नाही. याउलट व्यायामाच्या बाजूने किती पुरावा आहे बघा: 2015 च्या कॉक्रेन आढाव्यात (जगभरच्या चाचण्या एकत्र तपासणाऱ्या संस्थेच्या) 65 चाचण्या आणि 3822 रुग्ण होते, सहा मिनिटांचं अंतर सरासरी 44 मीटरने वाढलं, आणि नेहमीच्या उपचारांशी तुलना करणाऱ्या नव्या चाचण्यांची आता गरज नाही असं तिथे स्पष्ट म्हटलं गेलं. तरीही आपल्याकडे चिठ्ठीवर व्यायामाचा उल्लेख एका ओळीत, तोही "थोडं फिरत जा" असा. किती, किती वेगाने, कुठे थांबायचं, हे कुणी लिहून देत नाही, मग मामांचं म्हणणं घरात चालणारच.

मामा पुढे असंही म्हणतील की पीएफटीचा (फुंकून करायच्या फुप्फुसांच्या तपासणीचा) आकडा तसाच आहे, म्हणजे उपयोग शून्य. तो आकडा व्यायामाने बदलत नसतोच. बदलतं ते अंतर, दम, आणि घरातली किती कामं त्या स्वतः करतात ते.

बिघडतं कुठे? बरं वाटलं त्या दिवशी दुप्पट चालवतात, मग दोन दिवस अंग दुखतं आणि सगळंच बंद पडतं. दुसरं, छातीचा संसर्ग. बेडका पिवळा-हिरवा झाला, वाढला, आणि दमही वाढला तर डॉक्टरांना त्याच दिवशी दाखवा, व्यायाम थांबवा. पण बरं वाटायला लागल्यावर महिनाभर वाट बघू नका. थांबलात तिथल्या निम्म्यावरून सुरू करा. ॲडमिट व्हावं लागलं तरी डिस्चार्जनंतर तीन-चार आठवड्यांच्या आत सुरुवात करण्याबद्दल डॉक्टरांशी बोलून घ्या. आणि आठ आठवडे झाले म्हणून सोडू नका. सोडलं तर मिळवलेलं वर्षभरात गेलेलं असतं.

हे आधी लिहायला हवं होतं असं कुणी म्हणेल, पण वाचाच: छातीत दुखणं, चक्कर, पायांवर नवीन सूज, बसल्या जागी नाडी 120 च्या वर, बसल्या जागी ऑक्सिजन 88 च्या खाली, सकाळी डोकं जड होऊन गुंगी, यातलं काहीही असेल तर वरचं काही सुरू करू नका, आधी डॉक्टर. हृदयाचा त्रास किंवा अनियंत्रित बीपी असेल तरी आधी त्यांची परवानगी. इन्सुलिन घेत असतील तर चालण्याआधी साखर तपासा. बरीच वर्षं स्टेरॉइडच्या गोळ्या झाल्या असतील तर हाडं ठिसूळ असतात, वजन घेऊन पुढे वाकायचे प्रकार टाळा.

आठ आठवड्यांनी सहा मिनिटांची चाचणी पुन्हा करून घ्या. त्याच पॅसेजमध्ये, त्याच चपला घालून, इनहेलर घेतल्यानंतर तेवढ्याच वेळाने, नाहीतर तुलनेला अर्थ नाही. 30 मीटरची वाढ म्हणजे खरा फरक समजतात, तुमच्या आईंसाठी 270. त्याहून कमी आलं तर रोजच्या नोंदींत दमाचे गुण बघा. 2–3 च्या वर कधी गेलेच नसतील तर चालणं फार हळू झालंय. आणि चाचणीच्या दिवशी मामांना बरोबर घेऊन जा.