दिल्ली ते लेह अंतर किती? विमानाने किती वेळ लागतो, आणि उतरल्यावर त्याच दिवशी नुब्राच्या खोऱ्याकडे निघता येईल का?

शेवटच्या प्रश्नाचं उत्तर आधी देतो: नाही, कृपा करून निघू नका.

नकाशावर लेह दिल्लीच्या जवळजवळ सरळ उत्तरेला आहे. हवाई अंतर साधारण ६२० किलोमीटर. विमान सव्वा ते दीड तासात पोहोचवतं. मनालीमार्गे रस्त्याने गेलात तर हेच अंतर हजार किलोमीटरच्या आसपास जातं. २०२० मध्ये अटल बोगदा सुरू झाल्यापासून रोहतांग खिंड चढावी लागत नाही, तरी मनालीच्या पुढे दोन दिवस धरावेत.

पण दिल्ली समुद्रसपाटीपासून जेमतेम सातशे फुटांवर आणि लेहचा विमानतळ सुमारे १०,७०० फुटांवर. म्हणजे सकाळचा चहा दिल्लीत घेऊन नाश्त्याच्या वेळेला तुम्ही दहा हजार फूट वर आलेले असता. तिथे हवेचा दाब आपल्याकडच्या दोन तृतीयांशच असतो, त्यामुळे प्रत्येक श्वासात प्राणवायूही त्याच प्रमाणात कमी मिळतो. शरीराला याची सवय व्हायला निदान ४८ तास लागतात.

हे मी आईबाबांना घेऊन गेलो तेव्हा शिकलो. पुण्याहून दिल्ली, रात्र विमानतळावर काढली, पहाटेचं विमान, आठ वाजता लेह. ऊन छान पडलं होतं, कुणालाच काही होत नव्हतं. दुपारी शांती स्तूपाला गेलो, तिथल्या पायऱ्या चढलो. संध्याकाळी आईचं डोकं ठणकायला लागलं, रात्री उलट्या. दवाखान्यात नेऊन प्राणवायू लावावा लागला. चूक सर्वस्वी माझी होती. पहिले काही तास बरं वाटतं आणि त्यावरच माणूस फसतो. त्रास बहुधा सहा ते बारा तासांनी सुरू होतो.

नुब्राला जाताना ओलांडावी लागणारी खारदुंग ला ही खिंड तर साडेसतरा हजार फुटांवर आहे. पहिले दोन दिवस लेहमध्येच राहा. पहिला दिवस नुसता पडून काढा, भरपूर पाणी प्या, दारू-सिगारेट नको. दुसऱ्या दिवशी बाजारात हळूहळू फिरा. नुब्रा तिसऱ्या दिवशी. उंचीचा त्रास टाळायला डायमॉक्सची गोळी घ्यायची का, हे निघण्याआधी तुमच्या डॉक्टरांना विचारा. बीपी, दमा किंवा हृदयाचा त्रास असेल तर नक्कीच विचारा. डोकेदुखी वाढत गेली, धाप लागली किंवा चालताना तोल जाऊ लागला, तर वाट न बघता दवाखाना गाठा.

विमानं बहुतेक सकाळची असतात. ऊन चढलं की आधीच विरळ असलेली हवा आणखी विरळ होते, विमानाला पुरेसा उठाव मिळत नाही, आणि दुपारी दरीत वारा सुटतो. हवामान बिघडलं तर उड्डाण रद्द होतं, म्हणून परतीच्या वेळी दिल्लीहून पुढचं विमान त्याच दिवशीचं काढू नका, मध्ये एक दिवस मोकळा ठेवा.

वेळ असेल तर श्रीनगरला उतरून कारगिलला मुक्काम करत गाडीने लेहला जा. श्रीनगर ते लेह सव्वाचारशे किलोमीटर, दोन दिवस. उंची हळूहळू वाढते. आईबाबांना पुन्हा न्यायचं ठरलंय, ते याच रस्त्याने. खिडकीतून हिमालय बघायचाच असेल तर विमान परतीला ठेवा.