कागद थरथरतो, टॉवेल थरथरत नाही

ताई, मी २७ वर्षांची. सोलापूरच्या एमआयडीसीतल्या टॉवेल कारखान्यात ऑर्डरींचं काम बघते. घरी तेलुगू, शाळा मराठी. मागच्या महिन्यात मालकांनी बाहेरगावच्या व्यापाऱ्यांसमोर पाच मिनिटं बोलायला लावलं. दोन वाक्यांत घसा सुकला, हातातला कागद थरथरताना सगळ्यांना दिसला. मैत्रीण म्हणते, भाषणाच्या क्लबात जा. पण तिथं सगळे फाडफाड बोलणारे असणार. माझा हेल ऐकून हसतील ना?
– पूर्वभागातली एक

अगं, फाडफाड बोलता येणारे कशाला क्लबात येतील? येतात ते बहुतेक घसा सुकणारेच. आणि हेलाचं म्हणशील तर मराठी, तेलुगू, कन्नड, उर्दू एकाच चौकात ऐकणाऱ्या सोलापूरला तुझ्या हेलाचं काय नवल? माणसं वैतागतात ती घाईनं. घाबरलं की वेग वाढतो आणि वाक्याचं शेपूट, म्हणजे नेमकं क्रियापद, तोंडातच राहतं. शेवटचा शब्द पूर्ण म्हण, मग श्वास घे.

असे क्लब चालवणारी टोस्टमास्टर्स ही जुनी संस्था, १९२४ साली कॅलिफोर्नियात राल्फ स्मेडली यांनी सुरू केलेली. तिथलं पहिलं भाषण स्वतःबद्दल, चार ते सहा मिनिटांचं. चौथ्या मिनिटाला हिरवा दिवा, पाचव्याला पिवळा, सहाव्याला लाल. दिवे नसतील तिथं रंगीत कार्डं. आयत्या विषयावर एक-दोन मिनिटं बोलण्याचा वेगळा भाग असतो. भाषणानंतर एक जण दोन-तीन मिनिटांत काय जमलं, काय हुकलं ते सांगतो. आणखी एक जण नुसते ‘अं’, ‘म्हणजे’, ‘आपलं ते’ मोजत बसतो. तुझे पंधरा निघाले तरी लाजू नकोस, पुढच्या वेळी बारा कर.

आधी पाहुणी म्हणून जा. बोलायचा आग्रह झाला तर ‘आज फक्त ऐकते’ म्हणता येतं. दुसऱ्या-तिसऱ्या बैठकीला वेळ मोजायचं काम माग. उभं राहून नियम सांगायचे नि शेवटी कोण किती मिनिटं बोललं ते वाचायचं, एवढंच. शब्द ठरलेले असतात, म्हणून सुरुवातीला हेच सोपं. मग आयता विषय, आणि मग भाषण. क्लब कुठल्या भाषेत चालतो आणि आपली पाळी किती दिवसांनी येते, हे पैसे भरण्याआधी विचार. ठरावीक चौघंच बोलत असतील, घड्याळाकडे कुणाचं लक्ष नसेल, तर तो क्लब सोड. जवळपास काहीच नसेल तर ऑनलाइन बैठका असतात, नाहीतर रविवारी सकाळी पाच-सहा जणी जमा. एकीकडे घड्याळ, दुसरीकडे ‘अं’ची वही.

आता त्या कागदाचं. मोठा कागद हाताचा बारीक कंपसुद्धा दुप्पट करून दाखवतो. त्यापेक्षा पोस्टकार्डाएवढा जाड पुठ्ठा घे, त्यावर तीनच मुद्दे, तेही दोन-दोन शब्दांत. पाठ करायची ती पहिली दोन वाक्यं आणि शेवटचं एक. अख्खं भाषण पाठ केलं की मधला एक शब्द निसटतो नि पुढचं सगळं अडतं. ‘सदर उत्पादन’ वगैरे लिहून आणू नकोस, जीभ अडखळते. सावकाश बोललीस तर पाच मिनिटांना पाचशे शब्द पुष्कळ झाले. मनात वाचून सराव होत नाही; उभी राहून, मोठ्यानं, मोबाइलवर वेळ लावून पाचदा बोल. एकदा रेकॉर्ड करून ऐक. स्वतःचा आवाज कुणालाच आवडत नाही, तिकडे दुर्लक्ष कर, फक्त वेग बघ.

व्यापारी पुन्हा आले की मालकांना सांग, ‘पाच नको, दोन मिनिटं द्या, आणि एकाच मालावर बोलते.’ कागद टेबलावर ठेव, टॉवेल उचल. त्याच्यावरचे धाग्यांचे फासे बोटांनी उलटे करून दाखव, चौरस मीटरला किती ग्रॅम ते सांग, आणि टॉवेल समोरच्याच्या हातात दे. तो चाचपून बघेपर्यंत तुला घोटभर पाणी प्यायला वेळ मिळतो.