आधी ओव्हन मोजा, यीस्ट मग बदला

घरच्या सँडविच ब्रेडबद्दलची तुमची पोस्ट वाचली आणि लगेच लिहायला बसले. पीठ टिनच्या काठावर छान येतं, ओव्हनमध्ये ठेवल्यावर पंधरा मिनिटांच्या आत माथा गडद होतो, कृतीत सांगितलेल्या वेळेला काढावा तर मधोमध सुरीला लगदा चिकटतो, गार होताना दोन्ही बाजू आत ओढल्या जातात आणि टिनच्या काठाशी एका अंगाला चीर पडते. यीस्टचे दोन ब्रँड बदलून झाले आणि आता ग्लुटेन पावडर (गव्हातलं, पिठाला ताण देणारं प्रथिन) मागवायचा विचार आहे, असं लिहिलंय तुम्ही. हे सगळं मी भोगलंय, त्या एका अंगाच्या चिरेसकट. पावडर मागवू नका. आधी ओव्हनमधलं तापमान मोजा.

मळणं, मीठ, पाणी यावर मी काही लिहीत नाही. तुमचं पीठ काठाच्या वर दोन-अडीच सेंटिमीटर येतंय, म्हणजे यीस्ट जिवंत आहे आणि पीठ हवा धरून ठेवतंय. फोटोत माथा गोल दिसतोय, म्हणजे पीठ अति फुगलेलंही नाही. तसं असतं तर माथा सपाट होऊन मधे खचला असता. इथवर सगळं बरोबर आलेला ब्रेड यीस्टमुळे बिघडत नाही.

चुकतंय ते यापुढे. ब्रेड ओव्हनमध्ये गेल्यावर पहिली दहा मिनिटं आणखी वर येतो. आतला भाग ५५ ते ६० अंशांपर्यंत पोचला की यीस्ट मरतं, त्यापुढे स्टार्च पाणी पिऊन फुगतो आणि ब्रेडचा आतला सांगाडा पक्का होतो. मऊ सँडविच ब्रेडचं मधलं तापमान ९० ते ९३ अंशांवर गेलं की तो भाजला. ओव्हन जास्त तापलेला असेल तर वरचं कवच वेळेआधी कडक होतं. आतलं पीठ अजून वर यायला बघत असतं, त्याला वाट मिळत नाही, मग ते काठाशी जिथे कवच कच्चं असेल तिथून फुटतं. रंग बघून आपण ब्रेड बाहेर काढतो आणि मधला भाग ऐंशीच्या घरात अडकलेला असतो. गार होताना त्या कच्च्या गाभ्याला बाजूंचा भार पेलत नाही, म्हणून त्या आत ओढल्या जातात.

माझ्या ओव्हनचा काटा १८० वर असताना आत २१५ च्या आसपास तापमान असायचं. हे कळायला जो वेळ आणि जेवढा मैदा गेला त्याचा राग अजून गेलेला नाही, कारण ओव्हन वॉरंटीत असताना मी वेळेवर तक्रार केली होती. कंपनीच्या सेवा केंद्राचा माणूस आला. त्याने बटण फिरवलं, वरची-खालची कॉइल लाल झालेली पाहिली, दारापाशी तळहात धरला आणि कागदावर ‘हीटिंग ओके’ लिहून सही मागितली. तापमान मोजायचं साधन त्याच्याकडे नव्हतंच. मी विचारलं, १८० ला १८० होतंय का हे कशावरून कळलं? म्हणाला, काटा चालू आहे ना. पुढच्या तक्रारीला फोनवर उत्तर आलं की कृती बदलून बघा, बाकी ग्राहकांचे केक नीट होतात. शेवटी मी स्वतः थर्मामीटर आणून त्याचा फोटो पाठवला, तर बाहेरच्या उपकरणाचं रीडिंग आम्ही धरत नाही, असं लेखी आलं. स्वतः मोजायचं नाही आणि दुसऱ्याने मोजलेलं मानायचं नाही! या लिहालिहीत वॉरंटी संपली. थर्मोस्टॅट (तापमान ताब्यात ठेवणारा भाग) बिघडलाय हे कोणी मान्य केलं नाही आणि मी मात्र तोवर मैदा, यीस्ट, लोणी बदलत बसले. तुम्ही वॉरंटीत असाल तर कागदावर सही करण्यापूर्वी ‘तापमान मोजलेले नाही’ हे शब्द त्यावर लिहून घ्या. फोनवरचं आश्वासन काही कामाचं नाही.

(मी बेकरीचा धंदा करत नाही आणि वीजदुरुस्तीतलंही मला कळत नाही. ओव्हन स्वतः उघडू नका. सगळे ओव्हन एकाच दिशेने चुकतात असंही नाही. काही थंड असतात, तेव्हा ब्रेड फिका आणि कोरडा होतो. तुमची लक्षणं गरम ओव्हनची आहेत एवढंच म्हणते.)

मोजायचं असं. ओव्हनमध्ये ठेवायचा काट्याचा थर्मामीटर आणा, मधल्या जाळीवर, जिथे टिनचा मध्य येतो तिथे ठेवा. काटा १८० वर लावून किमान अर्धा तास दार उघडू नका. कॉइल चालू-बंद होत राहते आणि तापमान वरखाली होतं, म्हणून एका रीडिंगवर जाऊ नका. काचेतून पाच-पाच मिनिटांनी बघून आकडे लिहा आणि त्यांची सरासरी काढा. ओव्हन तापल्याचा दिवा विझला की लगेच ब्रेड आत टाकणाऱ्यांना माझं सांगणं आहे की दिवा फक्त एका कोपऱ्यातली हवा तापल्याचं सांगतो, भिंती आणि जाळी नंतर तापतात.

थर्मामीटर येईपर्यंत साखरेने अंदाज घेता येतो. साखर साधारण १८६ अंशांना वितळते. फॉइलच्या वाटीत चमचाभर साखर ठेवा, काटा १८० वर, पूर्ण तापलेल्या ओव्हनमध्ये पंधरा मिनिटं. दाणे तसेच कोरडे राहायला हवेत. माझ्याकडे वाटी काढली तेव्हा दाण्याचा मागमूस नव्हता, पिवळसर पाक झालेला आणि वरच्या कॉइलच्या बाजूची कड तपकिरी. पाक अंगावर उडाला तर वाईट भाजतं, सांभाळून.

आकडा जास्त निघाला तर काटा तेवढा खाली आणा. ओव्हन बदलायची गरज नाही. मी अजून तोच वापरते, दारावर चिठ्ठी चिकटवून. टिन खालच्या जाळीवर ठेवा, म्हणजे ब्रेडचा माथा ओव्हनच्या मध्यावर येतो. माथ्याला हवा तो रंग आला की वर फॉइल सैल टाका. आणि रंगावर, मिनिटांवर विसंबू नका: टोचायचा डिजिटल थर्मामीटर ब्रेडच्या मध्यात घालून बघा, ९० च्या खाली असेल तर परत आत. माझ्या मते वजनकाट्यानंतर घ्यायची वस्तू हीच. मिक्सर, पेस्ट्रीचा ब्रश वगैरे नंतर. तो थर्मामीटर खरा आहे का हेही एकदा तपासा: बर्फाच्या पाण्यात शून्य, उकळत्या पाण्यात १०० (उंचावर राहत असाल तर दर ३०० मीटरला साधारण एक अंश कमी).

ताडून बघायला माझं प्रमाण देते: २३ गुणिले १३ सेंटिमीटरच्या टिनला ४५० ग्रॅम मैदा, दूध-पाणी मिळून २९० मिली, साखर ३०, मीठ ९, लोणी ३५, इन्स्टंट यीस्ट ५ ग्रॅम. तुमच्या कृतीत साखर याच्या दुप्पट असेल तर माथा लवकर गडद होण्यात तिचाही वाटा असेल. तरीही आतून कच्चा राहण्याचं खापर मी साखरेवर फोडणार नाही.

आता तुम्ही जाता जाता विचारलेलं, दुसऱ्या दिवशी चुरा होतो ते. तुम्ही ब्रेड फ्रिजमध्ये ठेवताय, तो ठेवू नका. ब्रेड शिळा होतो तो निव्वळ वाळल्यामुळे नाही. फ्रेंच रसायनशास्त्रज्ञ बूसँगो यांनी १८५२ मध्येच दाखवलं होतं की ओलावा न गमावताही ब्रेड शिळा होतो आणि पुन्हा तापवला की मऊ पडतो. आतला स्टार्च परत घट्ट रचला जातो आणि फ्रिजच्या तापमानाला हे सगळ्यात वेगाने घडतं. दोन दिवसांचा ब्रेड बाहेर, बंद डब्यात. उरलेला पूर्ण गार झाल्यावर काप करून थेट फ्रीझरमध्ये.

मऊपणा आणखी टिकवायचा असेल तर मैद्याची खळ करून घाला: त्याच ४५० मधला २५ ग्रॅम मैदा, त्याच २९० मधलं १२५ मिली पाणी, मंद आचेवर ढवळत राहायचं. चमचा फिरवल्यावर तळाशी रेघ राहिली की उतरवा, ६५ अंशांच्या आसपास ते होतं. गार करून पिठात मिसळा. या खळीमुळे पीठ न चिकटता जास्त पाणी धरतं. ग्लुटेन पावडरीने ब्रेड उंच होईल, पण मऊ होईलच असं नाही, चिवटही होतो. आणि बाजारच्या ब्रेडशी तुलना करून स्वतःला कमी लेखू नका. तो बहुतेक ठिकाणी १९६१ साली इंग्लंडमध्ये चॉर्लीवूडला निघालेल्या पद्धतीने किंवा तिच्यासारख्याच पद्धतीने होतो: यंत्राने काही मिनिटांत प्रचंड वेगाने मळणं, सोबत इमल्सिफायर (तेल-पाणी एकजीव ठेवणारा पदार्थ). तो पोत हाताने मळून येत नाही. घरचा वेगळा लागतो आणि मला तोच आवडतो.

आकडे मिळाले की कळवा. पुढच्या ब्रेडचा फोटो टाकाल तेव्हा माथ्याचा नको, मधोमध कापून आतल्या बाजूचा टाका, बुडाकडची कड दिसेल असा. बुडाशी गच्च पट्टा असेल तर खालची कॉइल कमी तापतेय आणि मग वेगळा उपाय करावा लागेल.