रोलिंग डिस्ट्रो (ठरावीक व्हर्जन न काढता सतत अपडेट होत राहणारे लिनक्सचे प्रकार) सारखे तुटतात हे खरं आहे का? कोडिंगच्या लॅपटॉपवर आर्च (रोलिंग) टाकू की उबुंटू एलटीएस (एकच व्हर्जन वर्षानुवर्षं सांभाळलं जाणारं लिनक्स)?

"सारखे तुटतात" म्हणणाऱ्या निम्म्या लोकांनी रोलिंग कधी धड वापरलेलंच नसतं, ऐकीव माहितीवर ठोकून देतात. जरा तावातावाने लिहितोय कारण हाच वाद मी जुन्या ऑफिसात आमच्या सिनियर सरांशी कित्येकदा घातलाय. त्यांचं म्हणणं, रोलिंग घरी खेळायला ठीक, कामाच्या मशीनवर एलटीएसच, कारण एलटीएस तुटत नाही. माझं म्हणणं तेव्हाही हेच होतं की तुटतं दोन्हीकडे. एक हप्त्याहप्त्याने फेडून घेतं, दुसरं चार-पाच वर्षांची थकबाकी एकदम दारात आणून ठेवतं.

आणि ती थकबाकी वसूल होताना मी बघितलीय. आमच्याकडे सगळं उबुंटू १८.०४ वर होतं. चालतंय ना, मग कशाला हात लावा, असं करत करत २०२३ उजाडलं आणि सपोर्ट संपायची तारीख डोक्यावर आली. आता १८.०४ वरून थेट २२.०४ ला जाता येत नाही, मधे २०.०४ वर थांबावंच लागतं, म्हणजे प्रत्येक मशीनला दोन-दोन अपग्रेड. पायथन ३.६ चं ३.१०, पोस्टग्रेस (डेटाबेस) १० चं १४, पीएचपी ७.२ चं ८.१, ओपनएसएसएल (एन्क्रिप्शनची लायब्ररी) १.१ चं ३, हे सगळं एकाच वीकेंडला. वर अपग्रेड करताना बाहेरच्या रेपॉझिटरीज (पॅकेज मिळण्याची ठिकाणं) आपोआप बंद होतात ते वेगळंच. साइट उघडली तर पांढरं पान, लॉग उघडला तर एररचा पाऊस, आणि यातली कुठली एरर पीएचपीमुळे, कुठली डेटाबेसमुळे, कुठली सर्टिफिकेटमुळे हे कळायला मार्ग नाही कारण सगळंच एकदम बदललंय.

त्यात बॅकअप बंद पडला. आमचा बॅकअप एसएसएचने (दुसऱ्या मशीनवर सुरक्षितपणे लॉगिन करायची पद्धत) एका जुनाट स्टोरेज बॉक्सवर जायचा, त्याने "नो मॅचिंग होस्ट की टाइप फाउंड" असं सांगून दार लावून घेतलं. एक जण फायरवॉल तपासतोय, एक जण की फाइलच्या परमिशन बघतोय, तिसरा नव्या की बनवायला बसला. मी एररची शेवटची ओळ वाचली, त्यात समोरची मशीन ओळख पटवायला फक्त एसएसएच-आरएसए ही जुनी पद्धत देऊ करतेय असं स्पष्ट लिहिलेलं, आणि मला लगेच कळलं. २०२१ मध्ये ओपनएसएसएच ८.८ ने याच पद्धतीतल्या, एसएचए-१ या कमकुवत झालेल्या हॅशवरच्या आरएसए सह्या डिफॉल्टने बंद केल्या. माझ्या आर्चच्या लॅपटॉपवर ते व्हर्जन तेव्हाच आलं होतं आणि एका जुन्या राउटरवर लॉगिन होईना म्हणून मी त्याच संध्याकाळी वाचून काढलं होतं. एसएसएचच्या कॉन्फिगमध्ये फक्त त्या एका होस्टपुरती जुनी पद्धत चालू करणाऱ्या दोन ओळी टाकल्या आणि बॅकअप सुरू. सर म्हणाले, "बरं झालं तुला माहीत होतं, योगायोग." अहो योगायोग कसला! पायथन ३.१० माझ्याकडे वेगळं आलं, ओपनएसएसएल ३ वेगळं आलं, पोस्टग्रेसचं प्रत्येक मोठं व्हर्जन वेगळं आलं. सकाळी अपडेट मारलं आणि दुपारी काही बिनसलं तर पॅकमॅनचा (आर्चचं पॅकेज टाकायचं साधन) लॉग उघडायचा, आज काय बदललं ते तारीख-वेळेसकट दिसतं, आधीचं पॅकेज कॅशमध्ये पडलेलं असतं, ते परत टाकायचं आणि कामाला लागायचं. शोध घ्यायला जागाच इतकी कमी असते.

सरांचा पुढचा मुद्दा सुरक्षेचा असायचा. नोकरी सोडल्यावरही २०२४ च्या मार्चमध्ये एक्सझेड या फाइल दाबून लहान करणाऱ्या साधनात कोणीतरी लपवलेलं बॅकडोअर (चोरदार) सापडलं तेव्हा त्यांचा मेसेज आला, "बघ, डेबियन स्टेबल (डेबियन लिनक्सची जुनी-पक्की शाखा) वाचलं." वाचलं, खरंच आहे. दूषित व्हर्जन ५.६.० आणि ५.६.१, आणि स्टेबलमध्ये ५.४ होतं. पण ते सापडलं कसं हेही सांगा ना. आंद्रेस फ्रॉइंड नावाचा पोस्टग्रेसचा डेव्हलपर डेबियन सिडवर, म्हणजे सतत बदलणाऱ्या शाखेवर, काम करत होता, एसएसएच लॉगिनला अर्धा सेकंद जास्त लागतोय हे त्याला खटकलं आणि तो खणत गेला. नवं व्हर्जन रोज वापरणारी माणसंच नसती तर ते तसंच पुढच्या स्टेबलमध्ये जाऊन बसलं असतं.

आणि जुनं कर्नल (लिनक्सचा गाभा) धरून नव्यातल्या निवडक दुरुस्त्या त्यात मागे नेणं हेसुद्धा जोखमीचंच काम आहे. डिसेंबर २०२३ मध्ये डेबियन १२.३ च्या वेळी ६.१.६४ कर्नलमध्ये एक्सटी४ (लिनक्सची नेहमीची फाइलसिस्टिम) वर डेटा करप्ट होण्याचा बग निघाला, कारण एक दुरुस्ती मागे आणली पण तिला लागणारी दुसरी आणलीच नव्हती. १२.३ च्या इमेजेस (इन्स्टॉल करायच्या फाइल्स) थांबवाव्या लागल्या. तेव्हा सरांचा मेसेज आला नाही.

आता तुमचं. स्वतःचा लॅपटॉप, कोडिंगचं काम, एरर वाचायची तयारी असेल तर बिनधास्त रोलिंग घ्या. आर्चच पाहिजे असं नाही, पहिल्यांदाच असाल तर मी ओपनसुसे टम्बलवीड (तेही रोलिंगच) घ्या म्हणेन, त्यांचे स्नॅपशॉट (अपडेटचे गठ्ठे) बाहेर पडण्याआधी आपोआप टेस्ट होतात आणि बीटीआरएफएस ही फाइलसिस्टिम ठेवली तर बिघडल्यावर बूट मेन्यूतूनच कालच्या अवस्थेत जाता येतं. आर्च घेतलंत तर अपडेटच्या आधी त्यांच्या बातम्यांचं पान वाचायचं, हाताने काही करायचं असेल तर तिथे लिहितात. एकच पॅकेज पाहिजे म्हणून पॅकेजची यादी नवी करून बाकी सिस्टिम जुनीच ठेवायची, असं अर्धवट अपडेट कधीच मारायचं नाही, "आर्च तुटलं" च्या बऱ्याच कहाण्या तिथूनच सुरू होतात. जोडीला एलटीएस कर्नल टाकून ठेवा, नवं कर्नल बिघडलं तर त्यावरून बूट करता येतं. कर्नल अपडेट झाल्यावर पेनड्राइव्ह माउंट होईना तर घाबरू नका, चालू कर्नलची मॉड्यूल्स (ड्रायव्हरसारखे तुकडे) पुसली गेलेली असतात, रीस्टार्ट करा. पायथनचं व्हर्जन बदललं की जुनी व्हर्च्युअल एन्व्हायर्नमेंट्स (प्रत्येक प्रोजेक्टचे वेगळे पायथन सेटअप) पुन्हा बनवावी लागतात, तेवढं धरूनच चाला.

हां, क्लायंटचा सर्व्हर असेल तर मीसुद्धा डेबियन स्टेबलच टाकतो, त्यात वाद नाही, तिथे रात्री-बेरात्री व्हर्जन बदललेलं कोणालाच नको असतं. फक्त नवं स्टेबल साधारण दोन वर्षांनी येतं तेव्हा लगेच पुढच्यावर जायचं, पाच वर्षं ताणायचं नाही. लॅपटॉप महिनोन् महिने बंद राहणार असेल, नेटचा डेटा मोजून वापरावा लागत असेल किंवा घरच्यांसाठी मशीन लावून द्यायचं असेल तरीही एलटीएस बरं, नवीन ॲप्स फ्लॅटपॅकने (सिस्टिमपासून वेगळी ॲप्स टाकायची सोय) घेता येतात. फेडोरा हे लिनक्स मधला पर्याय आहे, दर सहा महिन्यांनी रिलीज आणि साधारण १३ महिने सपोर्ट. एनव्हिडियाचं जुनं कार्ड असेल तर मात्र आधी त्याचा ड्रायव्हर नव्या कर्नलवर चालतो का ते बघा आणि मगच ठरवा.