गोष्ट सांगताना बोट ताऱ्यावर ठेव

चि. बेटा,

अनेक आशीर्वाद.

तुझं पत्र मिळालं. सातपुड्याच्या पायथ्याशी नोकरी लागली आणि लागलीच पोरांना आकाश दाखवायचं मनावर घेतलंस, हे वाचून बरं वाटलं. तू विचारलंयस, नक्षत्रांच्या पुराणकथा पोरांना सांगायच्या की अंधश्रद्धा नको म्हणून टाळायच्या?

सांग. फक्त जिच्यामुळे पोराला तारा सापडतो, तीच गोष्ट रात्री मैदानावर सांग. बाकीच्या दिवसा वर्गात सांगितल्यास तरी चालतील.

मृगापासूनच सुरू कर. डिसेंबरच्या पहिल्या पंधरवड्यात रात्री साडेनऊला पोरांना पूर्वेकडे तोंड करून बसव. क्षितिजाच्या वर चार ताऱ्यांचा मोठा चौकोन आडवा पडलेला दिसेल. ते हरणाचे चार पाय. त्यातला डावीकडचा तांबूस तारा काक्षी, उजवीकडचा निळसर पांढरा राजन्य. चौकोनाच्या पोटात एका ओळीत तीन तारे, जवळजवळ उभे. तो हरणाला लागलेला बाण. आता पोरांना विचार, बाण आला कुठून? ओळ खाली क्षितिजाकडे वाढवली की लखलखता व्याध सापडतो, रात्रीच्या आकाशातला सगळ्यांत तेजस्वी तारा. आणि हरीण पळत होतं कुणामागे? तीच ओळ वर वाढव, लालसर रोहिणी लागते. अजून थोडं वर गेलं की कृत्तिकांचा पुंजका. पुस्तक नको, मोबाईल नको. एवढ्या एका गोष्टीत आकाशाचा चतुर्थांश भाग पोरांच्या ओळखीचा होतो.

ही कथा ऐतरेय ब्राह्मणातली आहे, म्हणजे चांगलीच जुनी. त्यात प्रजापती हरणाचं रूप घेऊन स्वतःच्या मुलीमागे लागतो, देव चिडतात आणि आपल्या सगळ्या उग्र रूपांतून एक शिकारी उभा करतात. लहान पोरांना हरीण आणि शिकारी एवढंच पुरे. नववी-दहावीच्या मुलामुलींपुढे मात्र लपवाछपवी करू नकोस. बापानं केलेलं पाप देवांनीही पोटात घातलं नाही, असं आपल्या पूर्वजांनी आभाळात मांडून ठेवलंय. त्यात लाजण्यासारखं काय?

ग्रीकांनी याच ताऱ्यांत हरणाऐवजी शिकारी पाहिला. त्यांचा ओरायन विंचवाच्या दंशानं मरतो, म्हणून वृश्चिक उगवायला लागला की ओरायन मावळतो, अशी त्यांची कथा. हेही पोरांकडून तपासून घे. दोघं एका वेळी आकाशात वर कधीच दिसायचे नाहीत, कारण ते जवळजवळ समोरासमोरच्या बाजूंना आहेत.

आता अडचणीचा प्रश्न येईल, तो आधीच सांगून ठेवतो. एखादा शेतकऱ्याचा पोरगा म्हणेल, "ताई, मिरीग तर जूनमधी लागस ना?" त्याचं बरोबर आहे. 7-8 जूनला मृग लागतो आणि आख्खं खानदेश पेरणीच्या हिशेबाला बसतं. पण त्या दिवसांत रात्रभर शोधलं तरी आकाशात मृग सापडणार नाही. तेव्हा सूर्यच त्या नक्षत्रात असतो, त्यामुळे मृग दिवसा उगवतो आणि दिवसाच मावळतो. सूर्याच्या वाटेचे 27 भाग केले की एकेक नक्षत्र 13 अंश 20 कलांचं होतं, आणि ते ओलांडायला सूर्याला साधारण पंधरवडा लागतो. रोहिणी, मृग, आर्द्रा ही पावसाची नक्षत्रं म्हणजे शेतकऱ्याचं सूर्याच्या जागेवरून केलेलं कॅलेंडर. पंचांगात प्रत्येक नक्षत्राचं वाहनही दिलेलं असतं, बेडूक, उंदीर, हत्ती वगैरे, आणि त्यावरून पाऊस किती ते सांगतात. त्या वाहनाचा पावसाशी काही संबंध नाही, हे पोरांना स्पष्ट सांग. सूर्य कुठं आहे हे तपासता येतं. त्याला त्या वर्षी बेडूक मिळाला की हत्ती, हे आभाळात कुठंच दिसत नाही.

महिन्यांची नावंही अशीच तपासायला लाव. कार्तिक पौर्णिमेला चंद्र कृत्तिकांच्या आसपास असतो, मार्गशीर्षात मृगाजवळ, चैत्रात चित्रेजवळ. एखाद्या नक्षत्राचा फरक पडतो, तोही पोरांना पाहू दे. चंद्राला दक्षानं आपल्या 27 मुली दिल्या आणि त्याचा जीव एकट्या रोहिणीवर, ही कथा तुला माहीत आहेच. चंद्र महिन्याभरात सगळ्यांकडे हजेरी लावतो हे उघड आहे, पण रोहिणीचं काय? तर काही वर्षं अशी येतात की चंद्र तिला दर फेरीत झाकून टाकतो. 2015 ते 2018 या काळात तसं झालं होतं. जुन्या माणसांनी असलंच काही पाहून ही कथा रचली असेल, असं मला वाटतं. सिद्ध करता येणार नाही, म्हणून पोरांना 'वाटतं' म्हणूनच सांग.

सप्तर्षी आणि अरुंधतीची घाई करू नकोस. डिसेंबरात सप्तर्षी पूर्ण वर यायला मध्यरात्र उलटते. त्यांना आखाजीपर्यंत, म्हणजे अक्षय्य तृतीयेपर्यंत, थांबव. तेव्हा उकाड्यानं सगळं गाव अंगणात असतं आणि सप्तर्षी संध्याकाळीच उत्तरेला उंच असतात. म्हाताऱ्या माणसांना विचारलंस तर ती ऋषी सांगणार नाहीत, बाज (खाट) आणि तीन चोर सांगतील. ती गोष्टही लिहून घे. त्याच दिवसांत रात्री साडेनऊ-दहाला दक्षिण क्षितिजालगत त्रिशंकू दिसतो, जेमतेम दहा अंशांवर. विश्वामित्रानं वर पाठवलेला, इंद्रानं ढकललेला, मध्येच लटकलेला राजा. इतक्या खाली रेंगाळणाऱ्या तारकांना याहून चपखल गोष्ट कुणी सुचवून दाखवावी.

डिसेंबरात ध्रुव शोधायला शर्मिष्ठा या तारकासमूहाचा एम आकार वापर, ती तेव्हा उत्तरेला उंच असते. शर्मिष्ठा, देवयानी, ययाती ही नावं ग्रीक आकृत्यांवर अलीकडे बसवलेली आहेत, त्यांना 'प्राचीन' म्हणू नकोस. ध्रुव सापडला की हात ताठ करून मूठ धरायला सांग. एक मूठ साधारण दहा अंश. तुमच्या गावात क्षितिजापासून ध्रुव दोन मुठी आणि किंचित वर, सातपुड्याच्या डोक्यावर. ध्रुव जितके अंश वर, तितकाच गावाचा अक्षांश, म्हणजे 21. पुण्यात तो साडेअठरावर दिसतो, दिल्लीत साडेअठ्ठावीसवर. अढळपदाची कथा सांगून झाली की हेही सांग की पृथ्वीचा आस सुमारे 26,000 वर्षांत एक गिरकी घेतो, म्हणून त्या पदावरचा तारा बदलतो. सुमारे 12,000 वर्षांनी अभिजित तारा तिथं जवळपास असेल. पोरं यावर भांडतील. भांडू दे.

अंतरं सांगायची तर थोडीच. व्याध 8.6 प्रकाशवर्षं दूर, म्हणजे आज दिसणारा त्याचा उजेड तिसरीतल्या पोराच्या जन्माच्या सुमारास निघालाय. रोहिणी 65 प्रकाशवर्षांवर, तिच्या शेजारी दिसणाऱ्या कृत्तिका 440 वर. बाकी आकडे विसरतात, हे राहतात.

मुख्याध्यापक किंवा पालकांपैकी कुणी 'हे विज्ञान की पुराण' असा वाद काढलाच, तर त्यांना चाळीसगावजवळचं पाटण दाखव. पाटणादेवीला सहल जातेच तुमची. तिथं तेराव्या शतकाच्या सुरुवातीचा शिलालेख सापडला. भास्कराचार्यांचा नातू चांगदेव यानं आजोबांचे ग्रंथ शिकवण्यासाठी इथं मठ काढला, असं त्यात कोरलंय. शेवटचा भाग जुन्या मराठीत आहे आणि त्यात बाजारातल्या मालावरच्या कराचा वाटा मठाला लावून दिल्याची नोंद आहे. गणित-ज्योतिष शिकवायला बाजाराचा पैसा, तोही आपल्या खानदेशात! त्याच भास्कराचार्यांनी चंद्रग्रहणाचं गणित पृथ्वीच्या सावलीवरून मांडलं आणि पुराणातल्या राहूलाही त्या सावलीतच जागा करून दिली. मला त्यांची ही युक्ती फार पटत नाही, पण कथा ऐकून गणित चुकतं असं नाही, एवढं त्यावरून दिसतं.

पहिला कार्यक्रम अमावास्येच्या आगेमागे ठेव. मैदानाचा हॅलोजन बंद ठेवायला सरपंचांना आधीच भेट, ऐनवेळी कुणी ऐकत नाही. टॉर्चला लाल जिलेटीन लाव, नाहीतर अंधाराला सरावलेले डोळे दर वेळी दिपतील. लेझर आणायचा आग्रह झाला तर नाही म्हण, पोरांच्या हातात तो डोळ्यांवर जातो. सतरंज्या पुष्कळ लागतील, दहिवर पडतं. रात्रपाळीच्या विजेवर गव्हाला पाणी भरायला जाणारे दोन-चार बाप्ये मुद्दाम बोलाव. त्यांना कोणता तारा कधी डोक्यावर येतो ते पाठ असतं. आणि पोरांना आधी त्यांच्या घरची गोष्ट सांगू दे, पावरा आदिवासी पोरांना तर नक्कीच. तुझी मग.

तारीख ठरली की फोन कर. माझी द्विनेत्री घेऊन जा, बाणाच्या उजवीकडचा तेजोमेघ तिच्यातून बरा दिसतो. पट्टा तुटलाय, तेवढा बसवून घे.

तुझे,
सर