पॅड बदलूनही डिस्क ब्रेक किंचाळतो आणि थरथरतो? आता पॅड सोडा, बाकीचं बघा

तुम्ही लिहिलंय की हार्डटेल एमटीबी आहे (डोंगरी सायकल, सस्पेन्शन फक्त पुढे), पुढेमागे हायड्रॉलिक डिस्क, सिंहगडाचा घाट उतरताना पुढचा ब्रेक दाबला की चिमटा (फोर्क) आणि हँडल थरथरतं, मागचा इतका किंचाळतो की लोक वळून बघतात, आणि दुकानात दोनदा पॅड बदलून झाले, चार दिवस बरं वाटलं आणि परत येरे माझ्या मागल्या. तर पहिली गोष्ट, या दोन वेगळ्या तक्रारी आहेत. दोन्हीवर एकच औषध म्हणून पॅड बदलले जातायत म्हणून नुसते पैसे चाललेत. किंचाळणं म्हणजे बहुतेक वेळा पॅड आणि डिस्क जिथे घासतात तिथे काहीतरी लागलंय, आणि थरथर म्हणजे बहुतेक वेळा कुठेतरी काहीतरी ढिलं आहे. कधीकधी दोन्ही एकात एक मिसळतात हे खरं, पण शोधायला सुरुवात दोन वेगळ्या टोकांनी करायची.

आधी थरथर बघू, कारण उतारावर तीच अंगाशी येते. सायकल जमिनीवर उभी करा, पुढचा ब्रेक करकचून दाबून धरा आणि सायकल पुढेमागे हलवा. आता दुसऱ्या हाताचं बोट हेडसेटच्या खालच्या सांध्यावर ठेवा, म्हणजे जिथे चिमटा फ्रेमच्या नळीत शिरतो तिथे. बोटाला टक टक हललेलं लागलं तर हेडसेट ढिला आहे. स्टेमचे, म्हणजे हँडल धरणाऱ्या तुकड्याचे, बाजूचे बोल्ट सैल करा, वरच्या टोपीचा बोल्ट थोडा थोडा आवळत प्ले (ढिलेपणा) घालवा आणि मग स्टेम परत आवळा, याच क्रमाने, कारण स्टेम घट्ट असताना वरचा बोल्ट कितीही पिळला तरी काही उपयोग नसतो. हँडल मोकळं फिरायला हवं, जड झालं तर जास्त आवळलंत.

तिथे काही नसेल तर ब्रेक सोडा, सायकल उचला आणि पुढचं चाक रिमला धरून डावीउजवीकडे ढकला. डुगडुगलं की हबचा (चाकाच्या मधल्या तुंब्याचा) कोन ढिला, नाहीतर बेअरिंग गेलेली. क्विक रिलीज (चाक पटकन काढायची दांडी) असेल तर ते उघडून नीट बसवून परत लावा, मिटवताना तळहातावर वळ उमटावा इतकं ते घट्ट लागतं, अर्धवट मिटवलेलं क्विक रिलीज मी सगळ्यात जास्त वेळा बघितलंय आणि डिस्क ब्रेकच्या चाकाला ते धोक्याचंच.

मग डिस्कचे बोल्ट. सहा असतात, चांदणीच्या आकाराची टी-25 की लागते. आवळायचा जोर न्यूटन मीटरमध्ये मोजतात; ब्रेक बनवणाऱ्या कंपन्यांपैकी शिमानो यांना 2 ते 4 न्यूटन मीटर सांगतं, एसरॅम 6.2, म्हणजे हा काही जोर लावायचा प्रकार नाही, पण एखाददुसरा ढिला असला तरी ब्रेक दाबल्यावर डिस्क हबवर किंचित सरकते आणि प्रत्येक वेळी टक् होतं. समोरासमोरचे बोल्ट आळीपाळीने आवळा. सेंटरलॉक असेल तर मधली एकच रिंग असते, तिला मात्र 40 न्यूटन मीटर लागतात, ते दुकानातच करून घ्या. त्यानंतर कॅलिपर, म्हणजे पॅड ज्यात बसतात तो ब्रेकचा भाग. इथे लोक फसतात कारण कॅलिपर आणि चिमटा यांच्यामध्ये बऱ्याचदा अ‍ॅडॅप्टर असतो, त्याचे दोन बोल्ट वेगळे आणि कॅलिपरचे दोन वेगळे, आणि पॅड बदलणारा वरचे दोन आवळतो, खालच्या दोघांकडे कुणाचंच लक्ष जात नाही. 5 एमएमची अ‍ॅलन की, 6 ते 8 न्यूटन मीटर, चारही बघा.

हे सगळं का बघायचं तर थरथरीची गंमत अशी असते की पॅड डिस्कला पकडतो, चिमटा त्या ओढीने मागे वाकतो, पकड क्षणभर सुटते, चिमटा परत पुढे येतो, परत पकड, आणि हे सेकंदात कितीतरी वेळा चालतं. कुठेही थोडा प्ले मिळाला की हा झोका वाढतच जातो. फळ्यावर खडू चिकटत-सुटत जातो तेव्हा किंचाळतो ना, तेच आहे हे, फक्त खालच्या सुरात. आता 15-20 हजारांच्या सायकलींना जे स्प्रिंगवाले फोर्क येतात त्यांच्या बुशमध्येच पहिल्या दिवसापासून थोडा प्ले असतो, तो काही तुम्ही आवळून जाणार नाही, तेव्हा तसा फोर्क असेल तर थोडी थरथर राहील हे धरून चला, दुकानदार काहीही म्हणो.

सगळं घट्ट आहे आणि तरी थरथर आहे, आणि ती चाकाच्या फेरीबरोबर येते-जाते, म्हणजे हळू वेगात लिव्हर बोटाखाली धडधडल्यासारखी वाटते, तर दोष डिस्कमध्ये आहे. डिस्क आऊट आहे का ते बघायला कॅलिपरच्या मागे पांढरा कागद धरा आणि चाक हळू फिरवा, पॅड आणि डिस्कमधली फट कुठे कमीजास्त होते ते कागदावर स्वच्छ दिसतं. थोडं वाकलं असेल तर स्क्रू-पान्ह्यात डिस्क धरून हलक्या हाताने सरळ होते (आधी पान्हा साफ पुसा, त्याच्यावर ग्रीस असणारच, आणि चाक फिरत असताना डिस्कजवळ बोट नेऊ नका, त्या भोकांमध्ये बोटं कापली जातात).

पण घाटात उतरणाऱ्यांना याहून जास्त भेटतं ते वेगळंच. डिस्क सरळ असते, जाडीही ठीक असते, पण तिच्यावर पॅडच्या मटेरियलचा थर असमान बसलेला असतो. तुम्ही अख्खा घाट ब्रेक दाबून उतरलात, डिस्क चटका बसेल इतकी तापली, खाली नाक्यावर कचकन थांबलात आणि लिव्हर दाबूनच उभे राहिलात, की पॅडचा ठसा डिस्कवर त्या जागी उमटतो. पुढच्या वेळी दर फेरीला पॅड त्या ठशावर येतो आणि तिथे जास्त पकडतो. उजेडात तिरकं बघितलं तर कधीकधी डाग दिसतोसुद्धा. यावर उपाय म्हणजे डिस्क पॉलिश पेपरने सगळीकडून सारखी घासायची आणि पॅड नव्याने बसवायचे, कसं ते खाली सांगतो. आणि उतरताना ब्रेक घासत ठेवायचा नाही, वळणाआधी दणकून दाबायचा, वेग कमी करायचा, सोडायचा, पुढचा-मागचा दोन्ही वापरायचे, म्हणजे मधे मधे डिस्कला वारा लागतो. तापलेल्या डिस्कवर बाटलीतलं पाणी ओतणारे महाभाग दिसतात, ते करू नका, डिस्क वाकते.

हातात व्हर्नियर असेल तर जाडीही मोजून टाका. शिमानोची नवी डिस्क 1.8 मिमी असते आणि 1.5 ला टाकून द्यायची, एसरॅमची 1.85 ची 1.55 होईपर्यंत.

आता किंचाळणं. चार दिवस बरं आणि परत तेच, हे वाक्य तुम्ही लिहिलंय त्यातच उत्तर आहे. नवीन पॅड तेलकट डिस्कवर लावले की ते चार दिवसांत तेल पितात आणि जुन्यासारखे होतात. म्हणजे दोनदा पॅड बदलले पण डिस्क एकदाही धुतली नसणार. आणि डिस्कवर तेल आलं कुठून? बहुतेक सायकलवाल्यांकडे सर्व्हिसिंग म्हणजे काय तर सायकल उलटी टांगायची, मुलगा स्प्रेचा डबा घेतो आणि पेडल उलटं फिरवत चेनवर फवारा मारतो, मागचं चाक तिथेच असतं, डिस्क चेनपासून वीतभर लांब, तो सगळा धुरळा हळूहळू तिच्यावर बसतो. तुमचा मागचाच ब्रेक किंचाळतोय, पुढचा नाही, हे काही उगाच नाही. त्यावर हौशी माणूस असेल तर फ्रेमला चमक यावी म्हणून सिलिकॉनचं पॉलिश मारतो, आणि कुणी चाकं रॉकेलमध्ये बुडवलेल्या फडक्याने पुसतो, त्याचाही तवंग मागे राहतो. बोटांचे ठसेसुद्धा टाळावेत, पण खरा शत्रू तो स्प्रे. चेनला तेल थेंबाथेंबाने घालायचं, दर कडीच्या रोलरवर एक, आणि नंतर फडक्याने पुसून टाकायचं, स्प्रेच वापरायचा असेल तर चाक काढून बाजूला ठेवा.

साफ करायचं असं. चाक काढा, पॅड काढा. आयसोप्रोपिल अल्कोहोल आणा, पुण्यात बुधवार पेठेत तापकीर गल्लीत इलेक्ट्रॉनिक्सच्या दुकानात मिळतं, पीसीबी साफ करायला वापरतात तेच. सॅनिटायझर चालत नाही, त्यात ग्लिसरीन असतं. काहीच नाही मिळालं तर भांड्यांचा साबण आणि कढत पाणी, डिस्क सुटी करून दोनदा घासून धुवा, मला तर ते बऱ्याचदा पुरतं. त्यानंतर स्वच्छ टिश्यूवर अल्कोहोल घेऊन पुसा, टिश्यू काळा येईल, नवीन घ्या, काळा यायचा थांबेपर्यंत पुसा, आणि तोच टिश्यू परत वापरू नका, नाहीतर तेल नुसतं इकडून तिकडे फिरतं. शेवटी 120 च्या आसपासच्या पॉलिश पेपरने डिस्कची चमक घालवा आणि परत एकदा पुसा.

पॅडचं बघा. वरून आरशासारखे चमकत असतील तर तापून काच झालीय, सपाट फरशीवर पॉलिश पेपर ठेवून त्यावर पॅड गोल गोल घासा, मॅट दिसायला लागले की झालं. पण ते तेल प्यायलेले असतील, काळपट ओलसर दिसत असतील, तर फेकून द्या. गॅसवर भाजून तेल जाळायचं असं यूट्यूबवर दाखवतात, रेझिनच्या पॅडला ते केलंत तर त्यातला बाइंडरच जळतो आणि घरभर घाण वास सुटतो तो वेगळाच. माझं मत स्पष्ट आहे, ब्रेकच्या बाबतीत शे-दोनशे वाचवू नका.

नवीन पॅड घेताना डिस्कवर काय छापलंय ते वाचा. बऱ्याच स्वस्त शिमानो डिस्कवर बारीक अक्षरात रेझिन पॅड ओन्ली असं लिहिलेलं असतं. तिथे कुणी जास्त टिकतील म्हणून मेटलचे सिंटर्ड पॅड लावले तर आवाज होणारच आणि डिस्कही झटपट झिजणार.

पॅड बसवल्यावर कॅलिपर मधोमध आणायचा. त्याचे दोन्ही बोल्ट अर्धा फेरा ढिले करा, लिव्हर दाबून धरा, तशीच धरून बोल्ट आळीपाळीने थोडे थोडे आवळा. शेवटच्या पिळाला कॅलिपर किंचित फिरतो, म्हणून लिव्हर सोडल्यावर वरून डोळा लावून दोन्ही बाजूंच्या फटी बघाच. एका बाजूचा पॅड आधी येऊन डिस्कला ढकलतोय असं दिसलं तर त्या बाजूचा पिस्टन (पॅडला ढकलणारा दट्ट्या) नाही, समोरचा पिस्टन अडकलाय. पॅड काढा, पिस्टनभोवतीची धूळ इअरबडने साफ करा, त्या ब्रेकच्याच तेलाचा अगदी थेंब लावा, पिस्टन प्लास्टिकच्या टायर लिव्हरने आत ढकला, दोनतीनदा बाहेर-आत करा आणि मग सगळं परत अल्कोहोलने कोरडं पुसा. तेल म्हणताना एक सांगून ठेवतो, शिमानो, टेक्ट्रोला मिनरल ऑइलच लागतं. मोटरसायकलच्या दुकानात मिळणारं डॉट 4 ब्रेक ऑइल त्यात घातलं तर सील फुगतात आणि ब्रेक कामातून जातो. उलट काही एसरॅमना डॉटच लागतं. लिव्हरच्या टाकीच्या झाकणावर लिहिलेलं असतं.

आणि आता ते काम जे दुकानात कुणीही करून देत नाही, पॅड बसवणं, म्हणजे बेड-इन. पहाटे रिकामा रस्ता बघा. साधारण 20 च्या वेगाने जा, एकच ब्रेक सारखा दाबत चालण्याच्या वेगापर्यंत आणा, पूर्ण थांबू नका, चाक लॉक करू नका, सोडा, परत वेग घ्या. असं वीसेकदा, मग थोड्या जास्त वेगाने दहाएकदा, मग दुसरा ब्रेक. यातून डिस्कवर पॅडचा पातळ एकसारखा थर बसतो आणि खरी पकड त्या थरातूनच येते. हे न करता नवे पॅड घेऊन थेट गडावर गेलात तर पहिल्याच उतारात ते चकाकतात.

हे सगळं झाल्यावरही पावसाळ्यात, विशेषतः पहिल्या काही दाबण्यांना, आवाज येईल. ओल्या डिस्कचा किंचाळा हा दोष नाही, पाणी आणि चिखल निघून गेला की थांबतो, त्याच्यासाठी काही उघडत बसू नका.

पण साफसफाई केली, पॅड नवे, बेड-इन केलं, चेनवर स्प्रेही नाही, आणि तरी दोन आठवड्यांत मागचा परत किंचाळायला लागला तर पॅड काढून त्यांच्या पाठी बघा. पाठ ओली, पिस्टनच्या कडेला तेलाची ओल, म्हणजे कॅलिपरचं सील गळतंय. पॅड आणि चाक परत बसवून लिव्हरला रबर बँड लावून रात्रभर दाबून ठेवा, सकाळी पिस्टनभोवती टिश्यू फिरवा, डाग आला की नक्की. शिमानो पिस्टनचे सील सुटे विकत नाही, तिथे कॅलिपरच बदलावा लागतो, सायकल वॉरंटीत असेल तर बिल घेऊन जा आणि तो ओला टिश्यू आणि पॅड तसेच पिशवीत घालून दाखवा, नाहीतर ते परत नवे पॅड लावून घरी पाठवतील.